हतनूरच्या काठाने पायी: पाण्यापर्यंत जाणाऱ्या वाटांचे नियोजन

सॅन फ्रान्सिस्को उपसागराचा काठ सुमारे एक हजार मैलांचा आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यापैकी जेमतेम चार मैल काठावर सामान्य माणसाला जाता येत होते. उरलेला काठ बंदरे, लष्करी तळ, मिठागरे, कारखाने, कचऱ्याचे डेपो आणि खासगी कुंपणे यांनी अडवलेला होता, आणि काठावरची शहरे पाण्यातच भराव टाकून नवी जमीन तयार करत होती. बर्कली शहराने अशा भरावाची मोठी योजना आखली, तेव्हा कॅथरीन कर, सिल्व्हिया मॅक्लॉफ्लिन आणि एस्थर गुलिक या तीन स्त्रियांनी 1961 मध्ये उपसागर वाचवण्याची चळवळ उभी केली. तिच्या रेट्यामुळे 1965 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने उपसागरासाठी एक आयोग नेमला आणि 1969 मध्ये तो कायमस्वरूपी केला. काठापासून 100 फुटांच्या पट्ट्यात काहीही बांधायचे असेल, तर या आयोगाची परवानगी घ्यावी लागते. आणि त्या प्रकल्पाशी सुसंगत असा, शक्य असेल तेवढा जास्तीत जास्त सार्वजनिक प्रवेश लोकांना मिळाला पाहिजे, ही परवानगीची अट असते. हॉटेल बांधा, कार्यालय बांधा, परंतु लोकांना पाण्यापर्यंत जाण्याची वाट ठेवा, असा हा सरळ व्यवहार आहे. आज त्या उपसागराचा शेकडो मैल काठ लोकांना खुला आहे.

मी भुसावळच्या परिसरात राहतो. आमच्याकडे समुद्र नाही. आमच्या तापीचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याने पश्चिमेला जात सुरतेच्या पुढे खंबातच्या आखातात पोहोचते, तेवढाच आमचा आणि समुद्राचा संबंध. तरीही उपसागराभोवतीच्या पायवाटांच्या नियोजनाबद्दल वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सतत हतनूरचा जलाशय येत राहिला. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते आणि त्या संगमाच्या खाली हतनूरचे धरण आहे. दोन्ही नद्यांचे अडलेले पाणी भुसावळ, मुक्ताईनगर आणि रावेर या तालुक्यांच्या शिवारांत शिरलेले आहे. वळणावळणाचा, आत-बाहेर करणारा हा काठ कितीतरी मैलांचा आहे, आणि त्यावर कुठून उतरावे, कुठवर चालावे, कोणती जागा सर्वांची आणि कोणती नाही, याचा एकही नकाशा गावातल्या माणसाच्या हाती नाही.

उपसागराभोवती सलग पायवाट असावी, हा विचार तिकडे 1987 मध्ये कायद्यात आला. राज्याचे सिनेटर बिल लॉकयर यांनी मांडलेल्या त्या कायद्याने परिसरातील स्थानिक संस्थांच्या संघाला आराखडा करण्याचे काम दिले आणि 1989 मध्ये आराखडा तयार झाला. नऊ काउंट्या (म्हणजे तिकडचे जिल्हे), 47 शहरे आणि सुमारे 500 मैलांची पायी व सायकलने जाण्याची वाट, असे त्याचे स्वरूप होते. आज त्यातील 350 मैलांहून अधिक वाट पूर्ण झाली आहे. हा आराखडा करणाऱ्या संघाला कोणाची जमीन घेण्याचा किंवा कोणत्याही शहरावर सक्ती करण्याचा अधिकार नव्हता. त्याने केले ते एवढेच, की पैसा हातात नसताना, जागा ताब्यात नसताना, संपूर्ण रेषा आधी कागदावर काढून ठेवली आणि प्रत्येक शहराला आपापला तुकडा दाखवून दिला. पुढे जिथे जिथे नवे बांधकाम आले, जुना लष्करी तळ बंद झाला किंवा पुलाची दुरुस्ती निघाली, तिथे ही रेषा समोर ठेवता आली. रिचमंड ते सॅन राफेल या पुलावर पादचारी आणि सायकलस्वारांची मार्गिका 2019 मध्ये सुरू झाली, म्हणजे आराखड्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. रेषा आधी काढलेली नसती, तर पूल दुरुस्त झाला असता, पण त्यावरून पायी जाता आले नसते.

त्या आराखड्यात वाटांचे तीन प्रकार केलेले आहेत. काठाकाठाने जाणारी मुख्य वाट हा कणा. कण्यापासून पाण्याच्या अगदी जवळ, एखाद्या टोकापर्यंत किंवा ऐतिहासिक स्थळापर्यंत जाणारे ते फाटे. आणि वस्ती, शाळा, रेल्वे स्थानक, बसथांबा यांपासून कण्यापर्यंत आणून सोडणारे ते जोडमार्ग. आपल्याकडे पाण्याकाठी काही करायचे ठरले की सगळे लक्ष एका जागेवर जाते. तिथे पेव्हर ब्लॉक बसतात, लोखंडी कमान उभी राहते, आत बाके ठेवली जातात, आणि काही महिन्यांनी तिकीटखिडकी येते. याला सुशोभीकरण म्हणतात. त्या जागेपर्यंत चालत कसे यायचे आणि तिथून पुढे कुठे जायचे, याचा विचार नसल्यामुळे तिथे फक्त गाडीवाले पोहोचतात आणि गाडीतळच सर्वांत मोठा होऊन बसतो. कणा, फाटे आणि जोडमार्ग यांपैकी जोडमार्ग आधी ठरले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. शंभर मीटरची देखणी वाट आणि तिच्यापर्यंत जाण्यासाठी ट्रकांनी भरलेला राष्ट्रीय महामार्ग, अशी व्यवस्था चालणाऱ्या माणसाच्या उपयोगाची नाही.

सुदैवाने आपल्याकडचे फाटे नव्याने शोधावे लागणार नाहीत. तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून कोणत्याही गावाचा नकाशा काढून पाहावा. त्यावर एका तुटक रेषेने दाखवलेला असतो तो पायमार्ग आणि दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो तो गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट आणि गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. जलाशयाच्या काठच्या गावांच्या जुन्या नकाशांवर या रेषा गावठाणातून निघून थेट नदीकडे जातात, कारण धरणाच्या आधी गुरे पाण्यावर नेणे, धुणे, सणाची आंघोळ, अंत्यविधी आणि पलीकडच्या गावाला होडीने जाणे हे सारे त्याच वाटांवरून होत असे. धरणाचे पाणी आल्यावर त्या वाटांचा खालचा भाग बुडाला, वरचा भाग कागदावर तसाच राहिला. म्हणजे पाण्यापर्यंत जाणारी प्रत्येक गावाची निदान एक वाट सरकारी नकाशात आजही जिवंत आहे. जमिनीवर मात्र ती बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंच्या बांधांनी आक्रसत आलेली आहे, कुठे नांगराखाली गेली आहे, कुठे केळीच्या बागेच्या तारेच्या कुंपणात अडकली आहे.

कायदा या बाबतीत लोकांच्या बाजूने आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 20 नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा, तसेच नद्या, ओढे, नाले, सरोवरे आणि तलाव यांवर कोणा व्यक्तीचा हक्क सिद्ध झालेला नसेल, तर ती राज्य शासनाची मालमत्ता असते. अडवलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांना आहे. शासनाची मालमत्ता म्हणजे शासनाच्या मर्जीची मालमत्ता नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एका हॉटेलसाठी नदीचा प्रवाह वळवल्याच्या प्रकरणात न्यायालयाने, नद्या, समुद्रकिनारे, वने अशी साधने शासन लोकांचा विश्वस्त म्हणून सांभाळत असते, हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. तो निकाल देताना न्यायालयाने कॅलिफोर्नियातील मोनो सरोवराच्या 1983 च्या निकालाचा आधार घेतला होता. तिकडच्या पाण्याबद्दलचा विचार आपल्याकडे न्यायालयाच्या दारातून कधीच आलेला आहे. तो तलाठ्याच्या दप्तरात आणि ग्रामसभेच्या ठरावात अजून यायचा आहे.

उपसागर आणि जलाशय यांतला फरक मात्र लक्षात घ्यावा लागेल. उपसागराचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, पण भरतीची रेषा कुठे येणार, हे साधारण ठाऊक असते. हतनूरचे पाणी पावसाळ्याच्या अखेरीस पूर्ण संचय पातळीला, म्हणजे धरण पूर्ण भरल्याच्या रेषेला, येते आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत हळूहळू मागे सरकत जाते. सखल भागात ते इतके दूर जाते की सप्टेंबरमधला काठ आणि मे महिन्यातला काठ यांच्यात शेतेच्या शेते मावतात. फेब्रुवारी महिन्यात तिथे उतरले की जमीन पायऱ्यापायऱ्यांची दिसते. वरच्या पायरीवर गुरांच्या खुरांचे ठसे वाळून दगडासारखे टणक झालेले, त्याखाली भेगाळलेला गाळ, त्याखाली नुकताच ओसरलेला चिखल, आणि मधूनच पाणी उपसणाऱ्या मोटारींचे काळे पाइप पाण्याच्या मागे मागे सरकवत नेलेले. या उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. पाटबंधारे खात्याकडून ती जमीन हंगामापुरती घेऊन लोक पीक काढतात. ही त्यांची वर्षाची कमाई असते. तेव्हा मुख्य वाट पूर्ण संचय पातळीच्या वर, संपादित जमिनीच्या हद्दीतूनच नेली पाहिजे, आणि तिच्यापासून खाली जाणारे फाटे हे ऋतूप्रमाणे लांबणारे आणि आखूड होणारे असले पाहिजेत. गाळपेरीच्या पिकातून कायमची वाट काढण्याचा विचारही कोणी करू नये.

मोटारींच्या पाइपांचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो केळीच्या पट्ट्यातला सर्वांत मोठा व्यावहारिक प्रश्न आहे. रावेर-यावल भागात तापीच्या काठाने पाचपन्नास पावलांवर एक पाइपलाइन आणि तिच्याबरोबर विजेची केबल काठ ओलांडून वर जाते. उघड्या केबलीवरून मुलांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी चालावे, असे कोणी म्हणणार नाही. वाट करतानाच तिच्याखालून ठरावीक अंतरावर सिमेंटचे नळे आडवे टाकून ठेवावेत आणि पाइप व केबल त्यातूनच न्याव्यात, म्हणजे शेतकऱ्याला दर वर्षी वाट खोदावी लागणार नाही आणि वाटेवर अडथळाही राहणार नाही. हा खर्च सुरुवातीला केला तर थोडा असतो. शेतकरी या कामाच्या विरोधात जाईल की बाजूने येईल, हे बऱ्याच अंशी अशा नळ्यांवर ठरेल.

वाट खडी आणि डांबराची असू नये. आमची जमीन काळी कसदार आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर टाकलेला पातळ डांबरी थर दोन पावसाळ्यांत उचकटतो. खालची माती काढून मुरुमाचा चांगला दाबलेला थर, दोन्ही बाजूंना पाण्याचा निचरा आणि ओढ्यांवर फरशी पूल, एवढे पुरेसे आहे. उतार मात्र जपून ठेवावा. वीस फुटांना एक फूट याहून अधिक चढ नसेल, तर चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, गुडघे दुखणारी आजी आणि बाबागाडी ढकलणारी आई, सगळ्यांना ती वाट वापरता येते. नदीच्या घाटाला पायऱ्या असतातच. त्या पायऱ्यांच्या बाजूने असा एक उतार प्रत्येक घाटाला हवा. आपल्याकडे पाण्यापर्यंत जाण्याची सर्वाधिक गरज बायकांना असते आणि सर्वांत वाईट वाट त्यांच्याच वाट्याला येते. डोक्यावर धुण्याची पाटी घेऊन निसरड्या दरडीवरून उतरणाऱ्या बाईला विचारून घाटाची जागा ठरवली, तर ती जागा चुकणार नाही.

आता वाहनांबद्दल. विनामोटार वाट म्हटले की कागदावर सोपे वाटते: चालणारे, सायकलवाले, चाकाची खुर्ची, घोडा, बैलगाडी. प्रत्यक्षात आमच्या भागात मोटारसायकल ही सर्वांत मोठी अडचण आहे, आणि ट्रॅक्टर ही सर्वांत न्याय्य अडचण आहे. गाळपेर करणाऱ्याला ट्रॅक्टर खाली न्यावाच लागतो. त्याला अडवणारी कोणतीही वाट टिकणार नाही आणि टिकूही नये. त्यामुळे जिथे जुना गाडीमार्ग आहे, तिथे तो शेतीच्या वाहनांसाठी मोकळाच ठेवावा आणि विनामोटार वाट त्याला काटकोनात ओलांडून पुढे न्यावी. मोटारसायकलीचे तसे नाही. खांब रोवून फट अरुंद केली तर मोटारसायकल थांबत नाही, चाकाची खुर्ची मात्र थांबते. नागमोडी लोखंडी अडसर लावला तर सायकल अडते. मोटारसायकलीला अडवून बाकी सगळ्यांना सोडणारे फाटक मला अजून कुठे दिसलेले नाही. म्हणून फाटकावर पैसे घालण्यापेक्षा, गाव जिथे वाटेला लागते तिथे सायकली आणि मोटारसायकली ठेवण्याची सावलीची जागा, पाण्याची टाकी आणि ग्रामपंचायतीचा नियमफलक असावा, आणि नियम मोडणाऱ्याला अडवण्याचे काम गावानेच घ्यावे. हाच प्रश्न उपसागराकाठी ई-सायकलींच्या रूपाने आलेला आहे. कुठे त्यांना परवानगी आहे, कुठे नाही, आणि वाद चालू आहेत. इंजिनाचा आवाज आणि वेग नसलेली जागा मिळणे हीच या वाटेची खरी किंमत आहे. ती गेली तर आणखी एक गावरस्ता तेवढा तयार होईल.

पक्ष्यांचा विषय मी मुद्दाम स्वतंत्र घेत आहे, कारण लोकांना काठावर आणण्याचा उत्साह इथे आवरावा लागतो. गाळ साचून उथळ झालेल्या हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदके, थापट्या आणि पट्टकादंब उतरतात. महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांत या जलाशयाची गणना होते. उन्हाळ्यात पाणी ओसरून उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय जमिनीवरच अंडी घालतात. त्यांची अंडी वाळूच्या रंगाची असतात आणि माणूस चार हातांवर येईपर्यंत ती दिसत नाहीत. कुत्र्याला मात्र दिसतात. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिणेला 2003 मध्ये सुमारे 15,000 एकर मिठागरे सार्वजनिक मालकीत आली आणि त्यांचे पुन्हा खाजणात रूपांतर करण्याचे काम सुरू झाले. तिथेही वाट हवी म्हणणारे आणि पक्ष्यांसाठी जागा बंद ठेवा म्हणणारे, दोघेही होते. मार्ग असा निघाला, की काही बांधांवर वाटा केल्या, काही बांध कायम बंद ठेवले, काही विणीच्या काळात बंद केले आणि अनेक ठिकाणी कुत्र्यांना मनाई केली. हतनूरलाही मुख्य वाट प्रत्येक ठिकाणी पाण्याला चिकटून जाण्याची गरज नाही. संगमाच्या परिसरातील दलदलीच्या कडेने ती दोनतीनशे मीटर आत वळवावी, झाडांच्या आडोशाने न्यावी, आणि एखाददुसऱ्या जागी बांबूचा आडोसा करून तिथून पाहण्याची सोय करावी. विणीच्या महिन्यांत बेटांकडे जाणारे फाटे बंद ठेवावेत.

पाण्यावरची वाट हाही याच नियोजनाचा भाग आहे. उपसागरासाठी 2005 मध्ये वेगळा कायदा करून वल्ह्याच्या आणि शिडाच्या छोट्या नावांसाठी जलमार्ग ठरवण्यात आला. कुठे नाव पाण्यात उतरवता येईल, कुठे थांबता येईल, सील जिथे विश्रांती घेतात त्या जागेपासून किती लांब राहावे, हे सगळे त्यात पाहिले गेले. आमच्याकडे वल्ह्याच्या नावा नव्याने आणायला नकोत. मासेमारी करणाऱ्या भोई आणि कोळी बांधवांच्या होड्या काठाला आहेतच. एका वयस्कर आप्पांशी या कल्पनेबद्दल बोलत होतो. जाळ्यातला काडीकचरा काढता काढता ते म्हणाले, "वाट करा भाऊ, चांगलंच आहे. पण जिथं आम्ही होडी ओढतो, तिथं भिंत नका बांधू." बहुतेक सुशोभीकरणांत सर्वांत आधी भिंत बांधली जाते. होडी ओढण्याची प्रत्येक जागा आराखड्यात नावानिशी नोंदली गेली पाहिजे आणि तिच्यावर मासेमारांचा पहिला हक्क राहिला पाहिजे. यंत्राच्या नावा आणि वॉटर स्कूटर आणून पर्यटन वाढवण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे. त्यांच्या लाटांनी जाळी जातात, पक्षी उठतात आणि काठ खचतो.

धरणाच्या खालच्या बाजूला हिशेब वेगळा आहे. हतनूरला 41 दरवाजे आहेत आणि वरच्या पाणलोटात जोराचा पाऊस झाला की ते उघडले जातात. खालच्या काठाची वाट पावसाळ्याचे चार महिने बंद ठेवण्याच्या तयारीनेच आखावी लागेल. राज्यात नदीकाठी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, पण मोकळ्या जागेच्या उपयोगाला वाव असतो. मुरुमाची वाट हा तिथला सर्वांत योग्य उपयोग आहे, कारण पुरात ती गेली तर पुन्हा करता येते.

पायी चालणे या मुलखाला शिकवावे लागणार नाही. महाशिवरात्रीच्या चांगदेव-मुक्ताबाई यात्रेला दिंड्या पायी येतात, आणि आषाढीसाठी मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून पंढरपूरला पायी जाते. हे वारकरी आज संगमाच्या परिसरात महामार्गाच्या कडेने, कंटेनरच्या वाऱ्याने फडफडणारी पताका सांभाळत चालतात. कोथळीचे मंदिर, मेहूणचा घाट आणि चांगदेवांचे मंदिर यांना जोडणारी सलग विनामोटार वाट हा माझ्या मते आराखड्याचा पहिला तुकडा असावा. वर्षातून काही दिवस हजारो लोक ती वापरतील, उरलेल्या दिवसांत शाळेत जाणारी मुले आणि पहाटे फिरायला जाणारी माणसे वापरतील, आणि जमिनीचा बराचसा भाग गाडीमार्गांच्या रूपाने आधीच सार्वजनिक आहे.

काम कोणाचे, यावर मात्र लगेच गोंधळ होतो. संपादित जमीन पाटबंधारे खात्याकडे, गाडीमार्ग महसूल खात्याकडे, घाट ग्रामपंचायतीकडे, पक्षी वन खात्याकडे आणि मासेमारीचा ठेका आणखी कोणाकडे. उपसागराकाठीही 47 शहरे होतीच, आणि तिथे कोणालाही सर्वाधिकार न देता सगळ्यांनी मान्य केलेली एकच रेषा पुरली. जिल्हा नियोजन समितीने जलाशयाचा एकच नकाशा मंजूर करावा, त्यावर कणा, फाटे, जोडमार्ग, होडीच्या जागा आणि बंद राहणारे पट्टे दाखवावेत, आणि पुढे ज्या खात्याचे काम त्या जागी निघेल त्याने आपला तुकडा पूर्ण करावा. पैशासाठी वेगळी मोठी योजना येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना 2021 मध्ये सुरू झाली, आणि आपले बहुतेक फाटे पाणंदच आहेत.

येत्या ग्रामसभेत काठावरच्या गावांनी करण्याजोगे एक काम आहे. गावनकाशाची प्रत काढावी, पाण्याकडे जाणाऱ्या सगळ्या तुटक रेषांवर लाल पेन्सिल फिरवावी, त्यातली प्रत्येक वाट दोन जाणत्या माणसांनी आणि दोन बायकांनी प्रत्यक्ष चालून पाहावी, कुठे अडली आहे ते गट क्रमांकासह लिहावे, आणि तो कागद ठरावाला जोडून तहसीलदारांना पाठवावा. मोजणीची मागणी त्याच अर्जात करावी.